आकडा पुरुषांचा मोठा, प्रयत्न स्त्रियांचे जास्त: दोन्ही खरं कसं?

आत्महत्यांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध झाली की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. मरणाऱ्यांत पुरुष इतके जास्त असताना त्यांच्या दुःखाबद्दल कुणी बोलतच नाही, अशी एक. आत्महत्येचे प्रयत्न स्त्रियाच जास्त करतात, नैराश्यही त्यांनाच जास्त येतं, मग हे रडगाणं कशाला, ही दुसरी. दोन्ही पक्षांच्या हातात खरे आकडे असतात. तरी भांडण मिटत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजून आलेले असतात.

या भांडणाच्या तळाशी एक समजूत असते: पुरुष मदत मागत नाहीत म्हणून मरतात, स्त्रिया मागतात म्हणून वाचतात. ही समजूत साफ खोटी नाही. पण तिच्यावर विसंबलं की दोन्हीकडे घोटाळा होतो. मदत मागणारी बाई ‘आता सुटली’ असं समजून तिला सोडून दिलं जातं, आणि मदतीसाठी समोर येऊन बसलेला पुरुष मदत मागतोय हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

## आधी मोजणी समजून घेऊ

पहिली मोजणी मृत्यूंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ७,२७,००० माणसं आत्महत्येने गेली. २०१९ सालचा दर पाहिला तर एक लाख पुरुषांमागे १२.६ आणि एक लाख स्त्रियांमागे ५.४ मृत्यू. म्हणजे पुरुषांचा दर दुपटीहून अधिक.

दुसरी मोजणी प्रयत्नांची. प्रत्येक मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न होत असावेत असा अंदाज आहे, आणि बहुतेक देशांत या प्रयत्नांत स्त्रिया जास्त असतात. तिसरी मोजणी विचारांची. ‘गेल्या वर्षभरात मरून जावं असं वाटलं का’ या प्रश्नाला सर्वेक्षणांत ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रियाच अधिक सापडतात.

विचार आणि प्रयत्न एका बाजूला जास्त, मृत्यू दुसऱ्या बाजूला जास्त. सिल्व्हिया कॅनेटो आणि आयझॅक साकिनॉफ्स्की या अभ्यासकांनी १९९८ मध्ये याला आत्महत्येतला लिंगभेदाचा विरोधाभास म्हटलं. तेव्हापासून हाच शब्दप्रयोग रुळला आहे.

तिन्ही मोजण्यांत खोट आहे, तीही ध्यानात ठेवायला हवी. प्रयत्नांची नोंद बहुतांशी दवाखान्यात पोचलेल्यांचीच होते. विचारांबद्दलचं उत्तर माणूस कबूल करायला किती तयार आहे यावर ठरतं. मृत्यूची नोंद त्यातल्या त्यात पक्की, पण तीही निर्दोष नाही. घरात झालेला मृत्यू ‘अपघात’ म्हणून लिहिला जाणं सोपं असतं, आणि हे स्त्रियांच्या बाबतीत जास्त घडतं. भारतात मृतांच्या घरी जाऊन, नातेवाइकांना विचारून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१० सालासाठी सुमारे १,८७,००० आत्महत्यांचा अंदाज काढला. पोलिसांकडच्या आकड्यापेक्षा तो बराच मोठा होता, आणि ही तफावत स्त्रियांच्या बाबतीत अधिक होती. तेव्हा सरकारी तक्त्यातलं स्त्री-पुरुष प्रमाण हे किमान काही अंशी नोंदवणाऱ्याचंही प्रमाण असतं.

## हा फरक निसर्गाने ठरवून दिलेला आहे का?

तसं असतं तर तो सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखा राहिला असता. तसा तो राहत नाही. अमेरिकेत आत्महत्येने मरणाऱ्यांपैकी जवळपास ८० टक्के पुरुष असतात, इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण तीन चतुर्थांश. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ही दरी बरीच अरुंद आहे.

चीनचं उदाहरण तर हा समज उलटा करतं. १९९५ ते १९९९ या काळात तिथे स्त्रियांचा आत्महत्येचा दर पुरुषांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होता, आणि त्यामागे मुख्यतः खेड्यातल्या तरुण स्त्रिया होत्या. पुढच्या दीड-दोन दशकांत तो दर झपाट्याने उतरला. बायका कामासाठी शहरांकडे गेल्या, सासरच्या घट्ट पकडीतून थोड्या सुटल्या, शेतीच्या विषारी औषधांपासून लांब गेल्या. एवढ्या वर्षांत शरीराची घडण बदलत नाही. बदलली ती परिस्थिती.

भारतही या बाबतीत वेगळा आहे. २०१६ मध्ये जगातल्या एकूण स्त्री-आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतातल्या होत्या. पाश्चात्त्य देशांच्या आकड्यांत लग्न हे संरक्षण देताना दिसतं, विशेषतः पुरुषांना. इथल्या तरुण विवाहित स्त्रियांच्या बाबतीत ते तसं दिसत नाही.

## मृत्यू कशावर ठरतो?

आत्महत्येचा विचार हा बहुतेकांच्या बाबतीत सरळ चढत जाणारा रस्ता नसतो. तो उसळतो, शिगेला पोचतो आणि ओसरतो. प्रयत्नातून वाचलेल्या ८२ रुग्णांना एका अभ्यासात विचारलं गेलं की त्या वेळी विचार मनात आल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला. जवळपास निम्म्यांनी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असं सांगितलं. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर बरंच काही ठरतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा ब्रिटनमध्ये अनायासे मिळाला. तिथे घरोघरी येणाऱ्या इंधन वायूत पूर्वी कार्बन मोनॉक्साइड असायचा. साठच्या दशकात त्याची जागा हळूहळू बिनविषारी वायूने घेतली. कारण निव्वळ आर्थिक होतं, आत्महत्या रोखण्याचा कुणाचा हेतू नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या झाल्या होत्या, १९७५ साली ३,६९३. एक मार्ग बंद झाला म्हणून सगळ्यांनी दुसरा शोधला असं घडलं नाही. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वाधिक घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला.

‘ज्याला मरायचंय तो कसाही मरतोच’ हा आक्षेप इथे हटकून येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा मागोवा रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे ९४ टक्के एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. इतर अभ्यासही हेच सांगतात: प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

आता हे स्त्री-पुरुष फरकाला लावून पाहू. अनेक देशांत पुरुष जास्त घातक साधन निवडतात. काही व्यवसायांत ते साधन त्यांच्या रोजच्या हाताळणीतलं असतं. त्यांच्यात दारूचं प्रमाण जास्त, आणि दारू नेमकं ते दहा मिनिटांचं थांबणंच काढून घेते. थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात आणखी एक धागा आहे. मरावंसं वाटणं आणि ते करण्याची क्षमता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेदना, हिंसा, धोका यांची सवय झालेल्या माणसात दुसरी गोष्ट वाढत जाते. सैनिक, पोलिस, वारंवार मारहाण सोसलेली माणसं यांच्याकडे या नजरेने पाहिलं की बरंच काही उलगडतं. ही सवय पुरुषांना जास्त लावली जाते, पण ती त्यांची मक्तेदारी नाही.

साधनाने सगळं उत्तर मिळतं असंही नाही. युरोपातल्या चार देशांच्या नोंदींत एकच साधन वापरणाऱ्यांची तुलना केली तेव्हाही पुरुषांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्तच निघालं. निर्धार, एकटेपणा, उशिरा सापडणं या सगळ्याचा त्यात वाटा असू शकतो.

## मग स्त्रियांचे प्रयत्न ‘लक्ष वेधण्यासाठी’ असतात का?

हे वाक्य दवाखान्यांतसुद्धा ऐकू येतं, आणि त्याने जीव जातात. आधीचा प्रयत्न हा पुढच्या आत्महत्येचा सर्वांत मोठा इशारा मानला जातो. ज्या बाईच्या फाइलवर ‘नाटक’ असा अलिखित शेरा बसतो, तिच्याकडे पुढच्या वेळी उशिरा पाहिलं जातं.

शिवाय वापरलेलं साधन किती घातक होतं यावरून हेतू किती खरा होता हे सांगता येत नाही. बहुतेकांना आपण घेतलेल्या पदार्थाची मारकता नीट ठाऊकच नसते. मरायचंही आहे आणि कुणी वाचवावं असंही वाटतंय, अशी दुहेरी अवस्था स्त्री असो वा पुरुष, दोघांतही सर्रास आढळते. खेड्यातल्या आशियाई स्त्रियांच्या मृत्यूंमागचं मोठं कारण हेच होतं. क्षणिक उद्रेकात जे हाताला लागलं ते अतिविषारी होतं आणि उपचाराची सोय लांब होती. तोच उद्रेक, कमी विषारी पदार्थ आणि जवळ दवाखाना असता तर तिची नोंद ‘प्रयत्न’ या रकान्यात झाली असती.

## आघात: सोसणारे एक, आजारी पडणारे दुसरे?

आघात म्हणजे जिवावर बेतलेली किंवा शरीरावर आक्रमण करणारी घटना सोसणं, किंवा अशी घटना डोळ्यांसमोर घडणं: अपघात, हल्ला, बलात्कार, युद्ध, आपत्ती. अशा घटनेनंतर काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे स्वाभाविक आहे. पण एका महिन्याहून जास्त काळ घटना नको तेव्हा डोळ्यांसमोर येत राहिली, तिची आठवण देणाऱ्या जागा आणि माणसं टाळली जाऊ लागली, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल काळंच दिसू लागलं, शरीर सतत सावध राहू लागलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. हे निदान अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं, आणि ते मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे.

अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. आयुष्यात किमान एक आघात सोसलेले पुरुष ६०.७ टक्के, स्त्रिया ५१.२ टक्के. पीटीएसडी झालेले पुरुष ५ टक्के, स्त्रिया १०.४ टक्के. म्हणजे घटना पुरुषांवर जास्त आणि आजार स्त्रियांना दुप्पट. ‘बायका मुळातच हळव्या’ असा निष्कर्ष इथे लगेच काढला जातो.

पण आघाताचा प्रकार पाहिला की तो निष्कर्ष डळमळतो. पुरुषांच्या वाट्याला अपघात, मारामारी, शस्त्राचा धाक हे जास्त येतं. स्त्रियांच्या वाट्याला लैंगिक हिंसा आणि जोडीदाराकडून होणारी मारहाण. पहिल्या गटातल्या घटना सहसा एकदा घडतात, अनोळखी माणसाकडून घडतात आणि लोक सहानुभूतीने विचारपूस करतात. दुसऱ्या गटातल्या वारंवार घडतात, ओळखीच्या माणसाकडून घडतात, बंद दाराआड घडतात, आणि वर दोषही सोसणारीलाच दिला जातो. आजार होणं न होणं यात घटनेनंतर मिळालेल्या आधाराचा वाटा फार मोठा असतो.

त्याच सर्वेक्षणातला एक आकडा यावर नीट बोट ठेवतो. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना पीटीएसडी झाला. बलात्कार सोसलेल्या पुरुषांपैकी ६५ टक्क्यांना. सोसलेल्या पुरुषांची संख्या थोडी होती, त्यामुळे नेमक्या टक्क्यावर फार भर देऊ नये. पण त्या जागी पुरुष उभा राहिला की तो काही पोलादाचा निघत नाही, एवढं नक्की कळतं. आणि त्याला तर सांगायलाही कुणी नसतं: कायद्याच्या व्याख्या, मदत केंद्रं, डॉक्टरांचे प्रश्न यांपैकी बरंच काही ‘सोसणारी ती स्त्री’ असं धरूनच बांधलेलं असतं.

आघात आणि आत्महत्या यांचा दुवा भक्कम आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये व्यसनं, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त आढळला. ट्रान्सजेंडर व्यक्तींचं प्रमाण तर आणखी चिंताजनक आहे. अमेरिकेतल्या २०१५ च्या सर्वेक्षणात त्यांच्यापैकी ४० टक्के जणांनी आयुष्यात कधीतरी प्रयत्न केल्याचं सांगितलं. नकार, हिंसा आणि मदतीच्या दारातच होणारा अपमान, तिन्ही तिथे एकत्र येतात.

## पुरुष मदत मागत नाहीत, हे कितपत खरं?

मानसोपचारापुरतं बोलायचं तर बरंच खरं. २००२ मधल्या एका आढाव्यानुसार आत्महत्येने गेलेल्यांमध्ये मृत्यूपूर्वीच्या वर्षभरात मानसिक आरोग्य सेवेकडे गेलेल्या स्त्रिया सरासरी ५८ टक्के होत्या, पुरुष ३५ टक्के.

पण ब्रिटनमध्ये ४० ते ५४ वयाच्या, आत्महत्येने गेलेल्या पुरुषांच्या फाइली तपासल्या गेल्या आणि २०२१ मध्ये जो अहवाल आला तो नीट वाचण्यासारखा आहे. त्यांच्यापैकी ९१ टक्के पुरुष कधी ना कधी डॉक्टर, रुग्णालय, पोलिस, न्यायालय किंवा समाजसेवा यांपैकी किमान एका ठिकाणी पोचले होते. तेव्हा दाराशी न आल्याचा ठपका सरसकट त्यांच्यावर ठेवता येत नाही.

येतात ते काय घेऊन? झोप लागत नाही. पाठ दुखते. छातीत धडधडतं. पित्त वाढलंय. दारू जास्त होतेय. कर्ज, नोकरी, घटस्फोटाचा दावा. ‘मला फार उदास वाटतं’ हे वाक्य त्यात नसतंच, आणि समोरचा माणूस नेमक्या त्याच वाक्याची वाट पाहत असतो. नैराश्य तपासायला जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी घ्या. उदासी, रस नसणं, झोप, थकवा, भूक, अपराधी भाव, एकाग्रता, हालचालींतला बदल आणि मरणाचे विचार, एवढं त्यात आहे. चिडचिड, संताप, दारू, बेदरकारपणे गाडी चालवणं, कामात स्वतःला गाडून घेणं याबद्दल एकही प्रश्न नाही. चाळणीची भोकं ज्या मापाची, तेवढंच वर राहणार. बाकीचं खाली पडलं म्हणून ते दाणे नव्हतेच असं होत नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच पडताळलं. नेहमीच्या लक्षणांत संताप, व्यसन, धोका पत्करणं ही लक्षणंही मिळवली, तेव्हा नैराश्याचे निकष पूर्ण करणारे पुरुष ३०.६ टक्के आणि स्त्रिया ३३.३ टक्के निघाल्या. एरवी दिसणारी मोठी दरी जवळजवळ बुजली. या पद्धतीवर आक्षेप आहेत (रागीट माणूस म्हणजे आजारी माणूस नव्हे, हा त्यातला वाजवी आक्षेप). पण नव्याने आलेला संताप, आधी नसलेली दारू, अचानक वाढलेला बेफिकीरपणा हे बदल विचारण्याजोगे आहेत, एवढं त्यातून पक्कं निघतं.

पीटीएसडीत तर आणखी एक पेच आहे. टाळाटाळ हेच त्या आजाराचं लक्षण. उपचार म्हणजे नेमकं त्याच घटनेबद्दल बोलणं. त्यामुळे अपॉइंटमेंट चुकवणारा रुग्ण बेजबाबदार आहे असं धरणं म्हणजे ताप आलेल्याला अंग गरम का म्हणून रागावणं.

## स्त्रिया मदत मागतात, मग प्रश्न सुटला?

मागणं आणि मिळणं यांच्यात बरंच अंतर आहे. निद्रानाश आणि रडू येणं एवढी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला झोपेची गोळी मिळते आणि घरात मारहाण होते का हा प्रश्न विचारलाच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या साधारण तीनपैकी एका स्त्रीने जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा अन्य कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. एवढं प्रमाण असताना हा प्रश्न न विचारणं ही निव्वळ सवय आहे.

विचारलाच तर नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना विचारला जातो. त्याला खरं उत्तर येण्याची शक्यता शून्य. तपासणीच्या निमित्ताने तिला एकटीला आत घेणं, दार लावणं आणि मग विचारणं, एवढी साधी गोष्ट फरक पाडते. घरात एकच फोन असेल तर ‘आम्ही तुम्हाला फोन करू’ हेसुद्धा धोक्याचं ठरतं. कोणत्या वेळी करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, हे आधी तिच्याशी ठरवावं लागतं. हिंसा चालू असताना फक्त समुपदेशन करणं म्हणजे तिला ती सोसायला शिकवणं. तिथे सुरक्षित जागा, कायदेशीर मदत आणि पैसा हाच उपचाराचा पहिला भाग.

## उपचारात प्रत्यक्षात काय होतं?

पीटीएसडीवर सर्वांत भक्कम पुरावा असलेले उपचार बोलण्याचे आहेत. त्यातल्या एकात घटना सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा सांगायची असते आणि टाळलेल्या निरुपद्रवी गोष्टींकडे टप्प्याटप्प्याने परत जायचं असतं. साधारण ८ ते १५ सत्रं, आठवड्याला एक, प्रत्येक दीड तासापर्यंत. दुसऱ्यात घटनेभोवती घट्ट झालेले ‘चूक माझीच होती’, ‘कुणावर विश्वास ठेवायचा नाही’ असे निष्कर्ष तपासले जातात. याची १२ सत्रं. तिसरा ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळ्यांची विशिष्ट हालचाल केली जाते. सत्रांच्या मधल्या दिवसांत गृहपाठ असतो, आणि तो न करणाऱ्यांना फायदा कमी होतो.

कुठे बिघडतं? सुरुवातीच्या काही सत्रांत अस्वस्थता वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस ‘याने तर आणखी त्रास झाला’ म्हणून थांबतो. साधारण पाचातला एक जण मध्येच सोडतो. म्हणून पहिल्याच भेटीत किती आठवडे, केव्हा कठीण जाईल, सोडावंसं वाटलं तर काय करायचं हे स्पष्ट बोलून घ्यावं. पुरुषांना अशी ठरावीक मुदतीची, कामासारखी आखणी अनेकदा जास्त पटते, असा उपचार करणाऱ्यांचा अनुभव आहे.

आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना गोळा करून एकाच बैठकीत ‘मन मोकळं करायला’ लावणं ही पद्धत एके काळी फार चालली. तिचा उपयोग होत नाही असं दिसून आलं, आणि आता ती करू नये असं मार्गदर्शक सूचना सांगतात. पहिल्या दिवसांत सुरक्षितता, झोप, आप्तांशी भेट आणि खरी माहिती एवढं पुरतं. बोलायचं असेल त्याचं ऐकावं, नसेल त्याला उकरू नये.

औषधांमध्ये सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन यांचा उपयोग होतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि २५ वर्षांखालील रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अल्प्राझोलामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्या पीटीएसडीसाठी सुचवल्या जात नाहीत. त्यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण सवय लागते आणि आजार तसाच राहतो.

## विचारायचं कसं?

‘विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल’ ही भीती जवळच्या माणसांना असते. यावर बरेच अभ्यास झाले आहेत आणि थेट विचारल्याने धोका वाढतो असं दिसलेलं नाही. विचारण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. ‘तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर मिळतं, कारण प्रश्नानेच ते मागितलेलं असतं. ‘बरेच दिवस तू झोपत नाहीयेस, कुणाशी बोलत नाहीयेस. असं असताना काही जणांना मरून जावंसं वाटतं. तुला वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?’ असं सरळ विचारावं. ‘हो’ म्हटलं तर काही ठरवलंय का, केव्हा, साधन जवळ आहे का हे त्याच शांतपणे विचारावं. ठरवलेलं असेल आणि साधन हाताशी असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये, साधन दूर करावं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. समजावणं, शपथा घालणं, ‘मुलांचा विचार कर’ म्हणणं बाजूला ठेवावं. आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटणाऱ्याला मुलांची आठवण करून दिली की ओझं वाढतंच.

समोरासमोर बसून ‘बोल ना’ म्हटलं की अनेक पुरुष मिटून जातात. चालता चालता, गाडीत, हाताने काही काम करताना तेच जास्त सहज निघतं. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकापासून वाढलेली ‘मेन्स शेड’ ही सामायिक कार्यशाळांची चळवळ याच निरीक्षणावर उभी आहे.

संकटाच्या वेळेसाठी लेखी सुरक्षा-आराखडा करून ठेवता येतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेल्या या आराखड्याला सहा पायऱ्या आहेत. माझी लाट सुरू होतेय हे मला कशावरून कळतं. एकट्याने करता येण्यासारखं काय आहे ज्याने थोडा वेळ निघतो. लक्ष दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा कोणत्या. मदत मागता येईल अशी माणसं कोण. कोणते डॉक्टर, कोणती हेल्पलाइन. आणि घरातलं साधन दूर कसं ठेवायचं, कुणाकडे द्यायचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या तातडीच्या विभागांत हा आराखडा आणि नंतर पाठपुराव्याचे फोन असं केल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघातकी वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं, असा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. हा आराखडा फसतो तो ठरलेल्या कारणांनी: कर्मचारी स्वतःच्या भाषेत भरून देतो, ‘मित्राला फोन करेन’ असं मोघम लिहिलेलं असतं पण कोणत्या मित्राला ते नाही, नंबर मोबाइलमध्ये नसतो, किंवा अवघड वाटते म्हणून सहावी पायरी गाळली जाते. सर्वांत जास्त जीव वाचवणारी पायरी तीच आहे.

## मदत नाकारणाऱ्याचं काय करायचं?

जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रं गेली: पहिले चार महिने दरमहा, मग आठ महिने दोन महिन्यांतून एकदा, पुढे तीन महिन्यांतून एकदा. मजकूर दोन-तीन ओळींचा. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, कळवावंसं वाटलं तर आम्हाला आनंद होईल, एवढाच. भेटायला या नाही, गोळ्या घेता का नाही. पहिल्या दोन वर्षांत या गटातले आत्महत्येचे मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय कमी होते. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वाधिक धोक्याचे असतात, आणि घरचे लोक नेमके तेव्हाच ‘आता बरा झाला’ म्हणून निर्धास्त होतात. तेव्हा उत्तराची अपेक्षा न ठेवता केलेला एक मेसेज, आठ-दहा दिवसांनी दुसरा, महिन्याने तिसरा, हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

भारतात १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलते. स्वतःसाठी फोन करता येतो तसा दुसऱ्याची काळजी वाटते म्हणूनही करता येतो. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी नोकराला त्याचं काम करण्यापासून रोखण्यासाठी किंवा करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा त्यात गुन्हा म्हणून राहिला आहे.